पगारेमामांचं भिणं

प्रार्थना सुरू होताना तोंडात भजं असू नये, एवढी साधी गोष्ट मला चाळिशी उलटल्यावर कळली, आणि तीही दुसऱ्याच्या घरी.

नवीन जालन्यात आम्ही घर घेतलं तेव्हा शेजारच्या पगारेमामींनी पहिल्याच आठवड्यात बोलावणं केलं. "मामा रिटायर झाले. आभारप्रार्थना ठेवली हाय, दोघंबी या." मी मूळचा पिंपळगाव रेणुकाईचा, शेतकऱ्याच्या घरातला. आभारप्रार्थना कशी असते याची मला काही कल्पना नव्हती. पूजेसारखं काहीतरी असेल, खाणं शेवटी असेल, असा माझा अंदाज. पण आम्ही सतरंजीवर टेकतो न टेकतो तोच मिरचीच्या भज्यांच्या बशा समोर आल्या. बशी पुढे आली की वाट बघायची नाही, हा माझा जुना स्वभाव. मी अख्खं भजं तोंडात टाकलं आणि त्याच क्षणी त्यांच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "आपण प्रार्थना करू या."

सगळ्यांनी डोळे मिटले, माना खाली घातल्या. मला वाटलं, दोन ओळी असतील. पाळकसाहेबांनी देवाचे आभार मानायला मामांच्या जन्मापासून सुरुवात केली. भजं कढईतून आत्ताच निघालेलं. गिळवेना, चावावं तर कुरकुर ऐकू जाईल. मामा एसटीत लागले तिथवर प्रार्थना आली तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं. मदत मागावी म्हणून मी मान वर केली, तर समोर एक माणूस टक्क डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत होता. हात जोडलेले, ओठ हलताहेत, आणि डोळे उघडे. सत्कारमूर्ती पगारेमामा. त्यांनी हनुवटीनं खूण केली, गिळा. मी गिळलं. घशापासून पोटापर्यंतचा सगळा रस्ता मला त्या दिवशी समजला.

आमेन झाल्यावर शेजारची एक म्हातारी माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "पाव्हण्याला लागली बरं का प्रार्थना! कसं रडलं लेकरू!" मामांनी शेवटपर्यंत हे कोणाला सांगितलं नाही. आमच्या हिला मीच सांगितलं, त्यामुळे गावभर झालं.

दुसऱ्या दिवशी फाटकापाशी मी विचारलं, "मामा, प्रार्थनेत तुमचे डोळे उघडे होते."

"तुमचे बी व्हते की," मामा म्हणाले. मग हसून त्यांनी खुलासा केला. "उभा जल्म स्टेअरिंगवर गेला, भाऊ. मी डोळे मिटून प्रार्थना केली असती तर देवाच्या आधी एखाद्या लिंबाच्या झाडानं ऐकली असती."

शांतवन पगारे हे त्यांचं पूर्ण नाव. बुटके, रुंद, डोक्यावर पांढरे केस ताठ उभे, आणि भेटल्यावर उजवा हात कपाळाशी नेऊन "सलाम, सपकाळभाऊ". असा भित्रा माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. कुत्र्याला भ्यायचे, लिफ्टला भ्यायचे, अनोळखी नंबरवरून आलेल्या फोनला भ्यायचे, कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला भ्यायचे. आणि लपवायचे नाहीत. आपल्याकडे पुरुषमाणसाला भीती वाटली तर तो खाकरतो, मिशीवर हात फिरवतो, नाहीतर बायकोवर ओरडतो. मी या तिसऱ्या जातीचा. पोरगी क्लासहून यायला उशीर झाला की मी वरणात मीठ कमी आहे म्हणून भांडण काढायचो. मामा सरळ सांगायचे, "भ्या वाटून राह्यलं." पाणी पिऊन राह्यलो म्हणावं तितक्या सहज.

ड्यूटीवर असताना गाडी डेपोतून काढण्याआधी ते स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून मोठ्यानं म्हणायचे, "प्रभू, भ्या वाटतंय. तू संगं चल." एकदा भोकरदनच्या स्टँडवर हे पुढच्या सीटवरच्या बाईनं ऐकलं. ती ओरडली, "अवो, डायवरच भिऊन राह्यलाय!" निम्मी गाडी खाली उतरली. कंडक्टर हातापाया पडला, पण उतरलेले काही चढेनात. ते पुढच्या गाडीची वाट बघत सावलीत बसून राहिले. संध्याकाळी पुढची गाडी आली. ड्रायव्हर पगारेमामाच. जाऊन परत आले होते.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय, बसले गुमान. न्हाई तर मुक्काम करावा लागला असता."

मला या भिण्याचं हसू यायचं. एकदा मी म्हणालोही, "मामा, तुम्ही एवढे देवाचे भक्त. तुमच्या देवावर भरवसा असेल तर भीती कशाला?"

मामांनी माझ्याकडे दया आल्यासारखं पाहिलं. "भाऊ, भरवसा हाय म्हनून तर सांगतो त्याला. परक्या माणसाला कोन सांगतं?"

मी विषय बदलला. देवाविषयी कोणी इतकं घरगुती बोलायला लागलं की मला उगीच अवघडल्यासारखं होतं.

साखर त्यांना जुनीच होती. एका उन्हाळ्यात नव्या चपलेनं उजव्या अंगठ्याला घासलं. दुखलं नाही, म्हणून कळलं नाही. कळलं तेव्हा अंगठा काळा पडायला लागला होता. मामी रोज ड्रेसिंगला घेऊन जायच्या. काळेपणा शेजारच्या बोटावर आला, मग पावलावर. जालन्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, संभाजीनगरला जा, गुडघ्याखाली पाय काढावा लागेल. उशीर केला तर विष अंगात चढेल, मग माणूस वाचवता येणार नाही.

त्या दिवशी मामा ओट्यावर बसले होते. पाय दुसऱ्या खुर्चीवर, पांढऱ्या पट्टीत. मी गेलो तर हात धरला. हात गार. भर उन्हाळ्यात गार.

"भाऊ, कापायचं भ्या वाटतं. आन् न्हाई कापलं तर मरायचं भ्या वाटतं. दोन्हीकून गाड्या येऊन राह्यल्या आन् रस्ता सिंगल."

मी म्हणालो, "होईल सगळं बराबर." असं म्हणून मी ऑफिसला गेलो. कंपनीच्या बियाण्यांच्या पिशव्या रवाना करायच्या होत्या, पण दिवसभर मला प्रत्येक पिशवीवर ती पांढरी पट्टीच दिसत होती.

याच सुमाराला बाहेरगावचे एक प्रचारक मंडळीत आले. मंडळी म्हणजे त्यांचं चर्च. सफेद कपडे, माईकशिवायही माईकमध्ये असल्यासारखा आवाज. ते मामांच्या घरी आले, पायाला तेल लावून प्रार्थना केली आणि म्हणाले, "भीती म्हणजे अविश्वास. आजपासून भ्यायचं बंद. पाय कापायचा नाही. देव जोडतो, तोडत नाही."

मामांना हेच ऐकायचं होतं. भ्यालेल्या माणसाला सुटकेचं दार दिसलं की ते भिंतीवर रंगवलेलं आहे का, हे तो बघत नाही. मामांनी ड्रेसिंगला जाणं बंद केलं. रोज तेल. आणि एक गोष्ट झाली जी मला सगळ्यात भयंकर वाटली. मामा भिण्याबद्दल बोलेनासे झाले. "कसंय मामा?" विचारलं की तोंडभर हसून म्हणायचे, "बिलकुल भ्या न्हाई, भाऊ. विजय हाय." आणि तेव्हा त्यांच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब असायचे.

मग वास यायला लागला. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी त्यांच्या ओट्याकडे उघडते. हिनं काही न बोलता ती खिडकी उघडीच ठेवली. लावली असती तर मामींना दिसलं असतं. मामी एकदा कुंपणाशी येऊन हिला म्हणाल्या, "ताई, ते प्रचारक मला म्हणतेत तुझा विश्वास कमी हाय म्हणून पाय बरा होईना. आता मी काय करू? विश्वास काय दुकानात भेटतो का?" आणि तिथेच कुंपणाला धरून खाली बसल्या.

संध्याकाळी मला हिचा हुकूम झाला. "उद्या रविवार आहे. मामांना चालवत नाही. तुम्ही गाडीतून त्यांना चर्चमध्ये न्या, आणि रस्त्यात समजवा."

मी नेलं. समजावलं मात्र नाही, कारण माझं सगळं लक्ष क्लचवर होतं. मी गाडी चालवायला उशिरा शिकलो आणि अजून शिकतोच आहे.

त्यांच्याकडे एक पद्धत आहे, साक्ष द्यायची. देवानं आपल्यासाठी काय केलं ते मंडळीपुढे उभं राहून सांगायचं. कोणाची नोकरी लागलेली असते, कोणाचा ताप उतरलेला असतो. त्या दिवशी प्रचारकच पुढे उभे होते. पाळकसाहेब बाजूच्या खुर्चीवर मान खाली घालून. प्रचारक म्हणाले, "आपले बंधू पगारे आता साक्ष देतील. उठा. दुखणं गेलं म्हणून सांगा."

मामा पुढच्या बाकाला धरून उठले. मी शेवटच्या ओळीत होतो, मला त्यांची पाठ दिसत होती. शर्ट घामानं चिकटलेला. बाहेर एक रिक्षा सुरू होत नव्हती, तिचीच घरघर ऐकू येत होती.

"सलाम सगळ्यांना," मामा म्हणाले. "पाय बरा न्हाई. सडून राह्यला. वास तुमाला बी येत असंल."

प्रचारक घाईनं म्हणाले, "बंधू, विश्वासाचं बोला. भीत नाही म्हणा."

"तेच म्हनून राह्यलो इतके दिवस. रोज प्रभूला सांगतो, मी भीत न्हाई, मी भीत न्हाई. आन् मला असं झालं, की मी कोन्या परक्याशीच बोलून राह्यलो. आमची वळखच तुटली." मामांचा आवाज बारीक झाला. "ही वळख मी स्टेअरिंगवर केल्ती. रोज भिऊन केल्ती. ती गेली तर पाय ऱ्हाऊन काय करू?"

कोणीतरी हुंदका दिला. बहुतेक मामी.

"आन् मंग मला बाग आठवली. प्रभूला क्रूसावर चढवायला धरून नेनार व्हते, त्या रातीची. प्रभूला घाम फुटला व्हता. त्यांनी देवबापाला इनवलं, की टळलं तर बरं. दोस्तांना म्हन्ले, जरा जागं ऱ्हा माझ्याजवळ. तर दोस्त झोपले. म्हंजी प्रभू भ्याले व्हते. एकटेच भ्याले व्हते. आता ज्यानं सोताच इतकं भिऊन पाह्यलं, तो मला भितो म्हनून हाकलनार हाय का?" मामांनी कपाळ पुसलं. "मला लय भ्या वाटून राह्यलं. कापायचं लय भ्या वाटून राह्यलं. तरी मी जातो. हीच माझी साक्ष. बसतो."

प्रचारक काहीतरी बोलायला गेले. तेवढ्यात पाळकसाहेब खुर्चीवरून उठले, माईककडे न जाता मामांच्या बाकावर जाऊन बसले आणि त्यांनी मामांच्या खांद्यावर हात टाकला. त्या शांततेत त्यांचं बोलणं शेवटच्या ओळीपर्यंत ऐकू आलं. "मलाही भीती वाटत होती, मामा. तुम्हाला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही."

मामा मागे वळून मला म्हणाले, "भाऊ, गाडी काढा. जल्दी. न्हाई तर इचार बदलंल माझा."

असा मी पगारेमामांना संभाजीनगरला नेणारा ड्रायव्हर झालो. समृद्धीवरून जाऊ म्हटलं, तर मामा म्हणाले, "नगं. त्या रोडवर भ्यायला बी टाइम भेटत न्हाई." जुन्या रस्त्यानं निघालो. मामी मागे स्तोत्र पुटपुटत होत्या. मामा माझ्या शेजारी. समोरून ट्रक आला की ते पट्टी बांधलेला उजवा पाय दाणकन खाली दाबायचे. डॉक्टरांच्या मते त्या पायात काही जाणीव उरली नव्हती. पण बदनापूरपर्यंत त्यानं माझ्यापेक्षा जास्त वेळा ब्रेक मारला. "भाऊ, हार्न! भाऊ, मागं पाहा! भाऊ, तुमाला लायसन कोनी दिलं?" मी चिडलो आणि म्हणालो, "मामा, तुम्हाला ऑपरेशनची भीती वाटते की माझी?" ते म्हणाले, "ऑपरेशनपर्यंत पोचलो तर मंग सांगतो." मामी मागून खुदकन हसल्या. त्या महिन्यातलं त्यांचं पहिलं हसू.

ऑपरेशनच्या खोलीत नेताना मात्र कोणी हसत नव्हतं. स्ट्रेचरवर मामा थरथरत होते, लोखंडी दांडी वाजत होती इतके. ओठ हलत होते. काय म्हणत होते ते मला ठाऊक होतं. दार बंद झालं आणि मी व्हरांड्यात जाऊन मामींना म्हणालो, "इथला चहा अगदीच पाणचट आहे," आणि त्या चहावाल्याशी भांडून आलो.

पाय गेला. मामा राहिले.

पुढच्या आठवड्यात मी भेटायला गेलो तर मामा आपल्या खाटेवर नव्हते. चाकाच्या खुर्चीत बसून ते पलीकडच्या खाटेशी गेले होते. तिथे परतूरचे सत्तारभाई होते, कापसाच्या मार्केटातले हमाल. त्यांचाही पाय काढायचा होता आणि ते भिंतीकडे तोंड करून पडून होते. मुलाशी बोलत नव्हते, डॉक्टरांशी बोलत नव्हते, सही देत नव्हते.

"सत्तारभाई," मामा म्हणाले, "मैं बाजू की खाट का. मेरा गया पिछले हफ्ते."

भिंतीकडूनच आवाज आला. "डर नै लगा?"

"लगा ना. बहोत लगा. अब्बी बी लग रा."

सत्तारभाईंनी मान वळवली. पांढरी दाढी, लाल झालेले डोळे. "सब बोलते, डरो मत, डरो मत."

"उनको बोलने दो. अपन दोनों मिलके डरेंगे."

सत्तारभाईंच्या तोंडून एक विचित्र आवाज आला. हसणं होतं की रडणं, मला कळलं नाही. त्यांनी हात पुढे केला, मामांनी धरला. मग सत्तारभाई त्यांची दुआ म्हणत राहिले आणि मामा त्यांची प्रार्थना. दोन्ही हळू आवाजात. थोड्या वेळानं सत्तारभाईंनी मुलाला हाक मारून डॉक्टरांना बोलवायला सांगितलं.

घरी आल्यावर मामांचा हा नवाच उद्योग सुरू झाला. कोणाचं ऑपरेशन असलं की निरोप यायचा, "पगारेमामा येऊन बसतील का?" मामा कुबड्या घेऊन रिक्षानं जायचे. उपदेश करायचे नाहीत, बायबल पुढे करायचे नाहीत, सगळं चांगलं होईल असं तर कधीच म्हणायचे नाहीत. नुसते शेजारी बसायचे आणि विचारायचे, "कशाचं जास्ती भ्या वाटतं?" माणूस सांगायचा. मामा म्हणायचे, "मला बी." कधीकधी माणूस वाचायचा नाही. मग मामा ओट्यावर बसून रडायचे, दोन दिवस जेवायचे नाहीत, आणि पुन्हा निरोप आला की पुन्हा निघायचे. मी एकदा म्हटलं, "कशाला जिवाला त्रास करून घेता?" ते म्हणाले, "त्या राती दोस्त झोपले व्हते ना, भाऊ. मला झोपायचं न्हाई."

असं वर्ष-दीड वर्ष गेलं. मग त्यांच्या हृदयानं दमल्याची खूण दिली.

जालन्यातच दवाखान्यात होते. दुपारी मी डबा घेऊन गेलो. मामींना जेवायला पाठवलं आणि स्टूल ओढून बसलो. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, छाती भात्यासारखी खालीवर. मला पाहून त्यांनी मास्क बाजूला केला.

"भाऊ, भ्या वाटून राह्यलं."

"काही होत नाही, मामा," मी म्हणालो. "दोन दिवसांत ठणठणीत होऊन घरी याल."

मामांनी फक्त माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. मी लांबच्या स्टँडवर उभा आहे आणि गाडी निघून चालली आहे, असं ते बघणं होतं. खिडकीबाहेर बघावं, डबा गार झाल्याची तक्रार करावी, नर्सवर ओरडावं, असं सगळं मनात येऊन गेलं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"मलाही वाटतेय, मामा. खूप भीती वाटतेय."

मामांचा चेहरा सैल पडला. "हां," ते म्हणाले. "मंग बसा जवळ."

मी स्टूल उचलून खाटेच्या दुसऱ्या बाजूला नेऊ लागलो, तिकडे हात धरायला सोपं पडलं असतं. मामांनी मान हलवली.

"तिकडं नगं. तिकडं प्रभू बसलेत."

मी स्टूल हळूच मागे आणलं, कोणाला धक्का लागू नये तसं, आणि अलीकडे बसलो. मामांनी माझा हात घट्ट धरला. त्यांची भीती गेली नव्हती. पण चेहऱ्यावर जे होतं, ते गर्दीच्या गाडीत आपल्या माणसाशेजारी जागा मिळालेल्या माणसाचं होतं. आम्ही तसेच बसलो. मामी आल्या, पाळकसाहेब आले, मी उठलो. दारातून वळून पाहिलं तर मामी माझ्या स्टुलावर बसल्या होत्या, पाळकसाहेब पायाशी उभे होते, आणि पलीकडची बाजू मोकळी ठेवलेली होती. त्यांनाही सांगितलं असणार.

दुसऱ्या दिवशी पहाटे मामा गेले.

पण त्या संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा हे व्हायचं होतं. ही स्वयंपाकघरात खाली बसून मेथी निवडत होती. मी पाय धुतले, तिच्यासमोर पाटावर बसलो आणि सगळं सांगितलं, मामा काय म्हणाले, मी काय म्हणालो, स्टूल कुठं ठेवलं. तिचे हात थांबले. मेथीची जुडी मांडीवर तशीच राहिली. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "इतकी वर्षं मला वाटायचं, या घरात भिणारी मी एकटीच आहे."